रुग्ण उभा राहू शकतो

१२ नोव्हेंबर १८४९

थेक्ला,

ब्रेमेनच्या बंदरातून तू रिके आत्याला लिहिलेलं पत्र मी वाचलं. तिने दाखवलं नाही, टेबलावर उघडं राहिलं होतं म्हणून वाचलं. घर सोडताना तू आत्याला भेटलीस, स्वयंपाकीणबाईलाही भेटलीस, आणि माझ्या खोलीसमोरून चपला हातात घेऊन गेलीस. ठीक आहे. हे अमेरिकेत, मिलवॉकीला तुझ्या मामाच्या पत्त्यावर पाठवतोय.

फाइटला मी मारलं असं तुझ्या मनाने घेतलं आहे. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहितो.

फाइट रोम्बाख चार वर्षं माझा सहायक होता. तुमचं लग्न ठरलं ते माझ्या संमतीने. मे महिन्यात बंडवाल्यांनी सगळ्या बाडेनमध्ये झेंडे उभारले तेव्हा तो ड्यूकच्या फौजेतला डॉक्टर होता, इमानाची शपथ घेतलेला. मी त्याला म्हणालो, "तुझी जागा टेबलापाशी आहे." तो म्हणाला, "टेबलावर येणारी माणसं कोण पाठवतंय ते बघून येतो." आणि गेला. जाताना बंदूक घेऊन गेला हे मला नंतर कळलं.

२९ जूनला मूर्ग नदीच्या पुलावर प्रशियन फौजेने त्यांना गाठलं. त्या दिवशी गवताच्या गाड्यांतून माझ्याकडे एकशे चाळीस माणसं आली. एकाला खालचा जबडा नव्हता, तो हातवारे करून पाणी मागत होता आणि पाणी घालायला जागा नव्हती. एकाने स्वतःचं आतडं टोपीत धरून आणलं होतं, कुठे ठेवू असं विचारत होता. दुपारी क्लोरोफॉर्म संपलं. मग चार शिपाई धरायला घेतले. संध्याकाळपर्यंत मी अठरा पाय आणि अकरा हात कापले. खाली भुसा टाकला होता तरी पाय घसरत होते.

त्यानंतरचा माणूस फाइट. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा चुरा, आत माती आणि पाटलोणीचं कापड. पुस्तकात याला एकच उत्तर आहे: मांडीतून कापा. माझा दुसरा सहायक करवत घेऊन उभा होता. मी ती खाली ठेवायला लावली. बोटांनी हाडाचे अकरा तुकडे काढले, टोकं घासून जुळवली, खळीच्या पट्ट्यांनी पाय बांधला. पुढचे सात आठवडे रोज सकाळी त्या पायातला पू मी स्वतःच्या हाताने धुतला. भांडं तू धरत होतीस. तेव्हा तू मला एकदा म्हणालीस की तुमच्यासारखा माणूस नाही. ते मी विसरलेलो नाही.

पुढे बंडवाल्यांच्या हातातला शेवटचा किल्ला पडला. शपथ मोडली म्हणून प्रशियन लष्करी कोर्टाने त्याला मृत्यूची शिक्षा दिली. पण त्यांचा नियम असा की माणूस स्वतःच्या पायावर उभा राहत नाही तोवर गोळी घालायची नाही. ऑक्टोबरमध्ये मला लेखी प्रश्न आला, रोम्बाख उभा राहू शकतो का. मी काय लिहायला हवं होतं? तो राहू शकत होता. खोटं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या डॉक्टरने येऊन त्याला उठवलं असतं आणि मला त्याच्या शेजारी उभं केलं असतं. मी लिहिलं, "रुग्ण उभा राहू शकतो." एवढंच केलं.

त्याला त्रास झाला नाही. एका आवाजात संपलं.

तुझे बाबा


३ मार्च १८५३

थेक्ला,

पहिल्या पत्रानंतरची तीन पत्रं न उघडता परत आली. मामाने लिहिलं की तू तिकडच्या एका जर्मन डॉक्टरकडे जखमा बांधायचं काम करतेस. चांगलं आहे. पट्टी बांधायला तू माझ्याकडेच शिकलीस.

आम्ही आता उत्तरेत राहतो. मला इथल्या विद्यापीठात शल्यक्रियेच्या मुख्य प्राध्यापकाचं आसन मिळालं त्याला तीन वर्षं झाली. दोनशे विद्यार्थी असतात. रिके आत्याला इथली हवा मानवत नाही आणि इथले लोक मासा व्हिनेगरमध्ये बुडवून खातात याचा तिला राग आहे.

मी ज्याच्या हाताखाली शिकलो तो म्हातारा मांडी नव्वद सेकंदांत कापायचा. विद्यार्थी घड्याळ धरायचे. एकदा एका पाथरवटाने दातांतला चामड्याचा पट्टा चावून तोडला, उठून बसला आणि अर्ध्या कापलेल्या पायाने म्हाताऱ्याच्या पोटात लाथ मारली. म्हातारा हसला. कोटाला सुरी पुसली, कुठे होतो आपण असं विचारलं आणि पुढे कापू लागला. पाथरवट टेबलावरच गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण वेळ चांगली आली होती. मीही वाजवल्या. त्या दिवशी ठरवलं की मी कापणारा होणार नाही, वाचवणारा होईन. आता माझे विद्यार्थी पाय वाचवतात. फौजेच्या डॉक्टरांना माझी पद्धत शिकवायचा हुकूम निघाला आहे.

त्यावरचं माझं पुस्तक छापून झालं. चित्रंही चांगली उतरली आहेत. तुला पाठवत नाही, तुला त्यात रस नसेल.

तुझे बाबा


१९ सप्टेंबर १८५९

थेक्ला,

दहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. माझ्या पुस्तकातून फाडलेलं एक पान, चित्र सातवं. एक नडगीचं हाड, मधोमध गाठ धरून जुळलेलं. खाली छापलं आहे: "आर., वय २८, पंधरा आठवड्यांनंतर." आणि त्याखाली तुझ्या पेन्सिलने, "हा पाय कुणाचा?"

तुझ्या डॉक्टरकडे माझं पुस्तक असेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

फाइटचा.

गोळ्या घातल्यावर त्यांना दफनभूमीच्या भिंतीबाहेर खड्ड्यात टाकत असत. मी किल्ल्याच्या अधिकाऱ्याकडे पाय मागितला. तो म्हणाला, "घेऊन जा. आमचं काम झालं." अवजारांच्या खोपटात, एका दारावर त्याला ठेवून, मीच तो गुडघ्यातून सोडवला. अंग अजून गरम होतं. हाड उकळून स्वच्छ केलं. ते इथे माझ्या वर्गातल्या काचेच्या कपाटात आहे. दर वर्षी नव्या मुलांना मी ते हातात देतो आणि विचारतो, मोड कुठे होती दाखवा. बऱ्याच जणांना सापडत नाही.

आता तू पुढचा प्रश्न विचारशील म्हणून तोही लिहितो. कोर्टाचा लेखी प्रश्न मला आला हे खरं. पण कोर्टाला तो सुचला कसा, हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रशियन फौजेचे तीन बडे डॉक्टर इस्पितळ बघायला आले. त्यांचं म्हणणं होतं की असा पाय वाचूच शकत नाही. मी त्या दिवशी तुला औषधांच्या यादीचं काम देऊन घरी पाठवलं होतं, आठवत असेल. फाइट त्यांच्यासमोर काठी न घेता बावीस पावलं चालला. त्यांच्यापैकी एकाने पुढे जाऊन त्याचा पाय चाचपला आणि माझ्याशी हात मिळवला. चौथ्या दिवशी कोर्टाचा कागद आला. तीन महिन्यांनी या आसनाचं बोलावणं. मधला धागा तू जोडशीलच.

फाइट मेला त्यानंतर दोन आठवड्यांत गोळ्या घालणं थांबलं. त्याच्या शेजारच्या खाटेवर एक सुतार होता, माझ्याच हातून एक पाय गेलेला. शिक्षा तीच होती, पण उभा राहू शकत नव्हता. त्याला दहा वर्षांची कैद झाली आणि चारच वर्षांत सोडलं. ऐकतो की तोही तिकडे अमेरिकेतच आहे.

हाड कपाटात आहे. तू परत लिहिशील असं वाटत नाही.

तुझे बाबा


८ ऑगस्ट १८६६, बोहेमिया

थेक्ला,

रिके आत्या मे महिन्यात गेली. शेवटी तुझं नाव घेत होती. माझं घेतलं नाही.

इथे पुन्हा युद्ध झालं. या वेळी आमच्याच भाषेची माणसं दोन्हीकडे. कापणीला आलेल्या गव्हात माणसं पडली होती, गहू उंच म्हणून दिसत नव्हती, दोन दिवस आवाजावरून शोधली. मेलेल्या घोड्याखाली एक ऑस्ट्रियन सार्जंट सापडला. दोन्ही डोळे गेलेले. "घोडा हलवू नका," म्हणाला, "तो आहे तोवर माझे पाय आहेत." हलवला, तर खरंच नव्हते.

तुला एक आकडा कळवतो, तो दुसऱ्या कुणाला कळवलेला नाही. माझ्या पद्धतीने या इस्पितळात साठ गुडघे वाचवले. साठांतली एकेचाळीस माणसं पू होऊन मेली. ज्यांचे पाय सरळ कापले त्यांच्यातली निम्मी जिवंत आहेत. तरुण डॉक्टर करवतीला हात लावायला घाबरतात, कारण तसं मी शिकवलं. काल एक कॉर्पोरल मरताना मला म्हणाला, "पाय सुरेख बांधलात हो." टोमणा होता की काय ते कळलं नाही. ताप डोक्यात गेला होता त्याच्या.

बाबा


२ जून १८७१

थेक्ला,

अक्षर ओळखू येणार नाही. डाव्या हाताने लिहितोय. चार दिवस लागले आहेत, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

जानेवारीत, फ्रान्सशी युद्ध चालू असताना, मी पूर्व फ्रान्समध्ये एका गावच्या शाळेत होतो. बाकं जोडून टेबल केलं होतं. आमच्या सैनिकांनी एक माणूस आणून टाकला, नाव आन्सेल्म तूव्हनो, वय चाळीसच्या आसपास, घरांची पाटीच्या दगडाची छपरं घालणारा. अंगावर वर्दी नव्हती. कुंपणाआडून त्याने आणि दोघांनी आमच्या रसदेच्या गाड्यांवर गोळ्या झाडल्या होत्या, एक गाडीवान मेला होता. त्या दोघांना रस्त्याकडेच्या झाडाला टांगलं. याला बंदुकीच्या दस्त्यांनी तोंड ओळखू न येण्याइतकं मारलं होतं, आणि नडगीत गोळी होती. फाइटला लागली होती तिथून दोन बोटं वर.

मेजर आला. म्हणाला, "प्रोफेसर, तुमच्या हाताला यश आहे असं ऐकतो. हा कधी उभा राहील?"

"कशाला?"

"चर्चच्या भिंतीपाशी, सगळ्या गावासमोर. उचलून आणलेला माणूस मारला तर गावाला दया येते. उभा असलेला बरा."

"दहा आठवडे."

"सहा करा," म्हणाला, आणि माझ्या सहायकाकडून सिगार घेऊन पेटवत निघून गेला.

मी पाय पाहिला. सोपा होता. तसले दोनशे तरी मी सरळ केले असतील. माझा सहायक डॉक्टर केर्ल, मन लावून काम करणारा, त्याने प्लास्टर भिजवायला घेतलं होतं.

"करवत दे," मी म्हणालो.

"याला? प्रोफेसरसाहेब, हा तर तुमच्या पुस्तकातला पाय आहे."

"सडतोय."

तो वाकला, वास घेतला. "वास नाही येत."

"माझं नाक तुझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठं आहे. दे."

तूव्हनोने करवत पाहिली आणि त्याला कळलं. मला फ्रेंच थोडंच येतं, पण तो काय म्हणतोय ते समजत होतं. "नको. मी छपरावर चढतो. छपरावर." तीनदा म्हणाला. चौघांनी धरला. क्लोरोफॉर्मचं फडकं तोंडावर आणलं तेव्हा त्याने एका शिपायाच्या अंगठ्याचं मांस दातांनी तोडलं. मी गुडघ्याच्या चार बोटं वर कापला. निरोगी हाड कापताना करवत स्वच्छ वाजते, थेक्ला, सुक्या लाकडावर वाजावी तशी. केर्लने तो आवाज ऐकला आणि त्यानंतर माझ्याकडे पाहिलं नाही.

मी लिहून दिलं, पाय गेला, वसंतापर्यंत उभा राहणार नाही, बहुधा मरेल. मेजरने येऊन बादलीत पाहिलं. "वाया गेला," म्हणाला. बादलीतला पाय की माणूस, ते मी विचारलं नाही. महिनाअखेरीस लढाई थांबली. तूव्हनो जगला.

मार्चमध्ये तो कुबड्यांवर हिंडू लागला. केर्लने त्याला सांगितलं की तो पाय चांगला होता. केर्लला मी दोष देत नाही, त्याच्या जागी फाइट असता तर त्यानेही सांगितलं असतं. एका सकाळी शाळेच्या ओट्यावर तूव्हनो भिंतीला टेकून माझी वाट बघत उभा होता. कुबडीचा पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा घाव मी वर केलेल्या उजव्या हातावर. मी खाली पडलो. मग फरशीवर पसरलेल्या त्याच हातावर त्याने कुबडीचं टोक तीनदा मारलं. माझ्या हाताची हाडं एकेक करून मोडताना मी मोजली. चार, आणि मनगटाचं एक.

मी ओरडून सांगितलं, जमेल तशा फ्रेंचमध्ये: तुला भिंतीपाशी उभा करून मारणार होते, उभा राहू नयेस म्हणून कापला.

त्याचा हात थांबला. एका कुबडीवरचा तोल जाऊन तो माझ्या शेजारीच फरशीवर बसला. दम खात म्हणाला, "मला विचारलं होतंस?"

त्याने कुबडी मांडीवर ओढून घेतली.

"माझे दोघं सोबती झाडाला लटकले. मी त्या भिंतीपाशी उभा राहिलो असतो. निदान ते माझ्या हातात होतं. आता सांग, मी घरी जाऊन काय करू? खालून छपरं बघत बसू?"

पहारेकरी धावत आला. पायरीवरून पडलो असं मी त्याला सांगितलं, आणि या माणसाला उठवून खाटेवर ने म्हणालो. एप्रिलमध्ये तूव्हनो गावी गेला. बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता येत नाही. एक माणूस जिवंत आहे आणि तो मला शिव्या देतो. फाइटने दिल्या नाहीत.

आता पहिल्या पत्रात आणि हाडाच्या पत्रात, दोन्ही वेळा जे लपवलं ते.

ते तीन डॉक्टर येणार होते त्या सकाळी मी फाइटच्या खाटेपाशी गेलो. तो स्वतः डॉक्टर होता, काय चाललंय ते त्याला माझ्याआधी कळलं होतं. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आज मला चालायला सांगू नका. अजून थोडे आठवडे पांगळा राहू द्या. ड्यूक परत आलेत, माफीची बोलणी चालू आहेत असं पहारेकरी म्हणतात."

मी म्हणालो, "बघू."

ते तिघे आले. त्यांच्यातला एक म्हणाला की नडगी जुळली असेल तर मी माझी करवत नदीत टाकतो. बाकीचे हसले. आणि मी फाइटकडे वळून म्हणालो, "ऊठ."

तो उठला. चार वर्षं माझ्या हाताखाली काढलेला मुलगा. मी ऊठ म्हटलं की उठायची त्याला सवय होती. चालताना त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, रागाने नाही. मी पावलं मोजत होतो.

आणि एका आवाजात संपलं, तेही खोटं. मृत्यूचा दाखला द्यायला डॉक्टर लागतो, म्हणून मी पंधरा पावलांवर उभा होतो. सात बंदुका. नेम धरणारे बाडेनच्या पोरांना मारायला कचरत होते, त्यांनी वाईट मारलं. दोन गोळ्या पोटात, एक खांद्यात, बाकीच्या भिंतीत. तो पडला नाही. हाताने पोट धरून उभा होता, रक्त पाटलोणीवरून त्या पायावर उतरत होतं. त्यांना पुन्हा बंदुका भराव्या लागल्या. त्याला किती वेळ लागतो तुला माहीत नसेल. फाइट तेवढा वेळ उभा होता आणि तुझ्या नावाने काहीतरी बोलत होता. काय बोलला ते मी तुला सांगू शकत नाही, कारण मी ऐकत नव्हतो. मी पाय बघत होतो. सगळं अंग हलत होतं आणि पाय वाकत नव्हता.

मला आनंद झाला, थेक्ला. दुसऱ्यांदा गोळ्या सुटेपर्यंत मला आनंद होत होता.

हे एवढं होतं. बावीस वर्षं मी बाकीचं सगळं याच्याभोवती लिहीत होतो.

मी आसन सोडलं. हा हात आता चमचाही धरत नाही. वर्गात शेवटच्या दिवशी कपाट उघडून हाड काढून घेतलं. त्या किल्ल्याच्या भिंतीपाशी नेऊन पुरावं असं ठरवलं होतं, गाडीही सांगितली होती. मग गाडी परत पाठवली. ते हाड माझं नाही आणि कुठे ठेवायचं हे मी ठरवायचं नाही.

म्हणून तुला विचारतो. त्याचं काय करू? आणि मी तिकडे यावं का? मी निघालेलो नाही. तू लिहिशील ते करीन.

बाबा


१७ ऑगस्ट १८७१, मिलवॉकी

बाबा,

हाड पाठवून द्या. मी एका भल्या माणसाशी लग्न केलं आहे, त्याला सगळं माहीत आहे. आमच्या चर्चमागे त्याने जागा मागून घेतली आहे, खड्डा तोच खणणार आहे.

पेटी नीट बांधून घ्या. तुमच्या हाताला जमणार नाही, दुसऱ्या कुणाकडून बांधून घ्या.

तुम्ही येऊ नका.

थेक्ला